कादंबरीकाराचा चित्रपट कोणाच्या हिशेबी?

आपल्या वाङ्मयेतिहासांना एक जुनी सवय जडली आहे. लेखकाने कादंबरी लिहिली की ती त्याच्या वाङ्मयीन कर्तृत्वात जमा होते; त्याच लेखकाने चित्रपट दिग्दर्शित केला की ती गोष्ट त्याच्या चरित्रात जाते. जन्म, शिक्षण, नोकरी, प्रवास यांच्या ओळीत शेवटी एक वाक्य येते : चित्रपटसृष्टीशीही त्यांचा संबंध होता. या वाक्यातील ‘ही’ हे अव्यय मोठे बोलके आहे. त्यात थोडे कौतुक असते, थोडी क्षमा असते आणि पुष्कळशी सुटका असते. एवढे लिहिल्यावर त्या चित्रपटाविषयी आणखी काही लिहिण्याचे दायित्व समीक्षकावर उरत नाही.

ही सवय निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे लेखकाच्या कर्तृत्वाचा केवळ एक भाग दुर्लक्षित राहतो असे नाही, तर जो भाग आपण अभ्यासतो तोही चुकीचा वाचला जातो, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी चेन्नईतील एका कादंबरीकार-दिग्दर्शकाचे उदाहरण मी मुख्यतः घेणार आहे. त्याच्या जोडीला एक इटालियन आणि एक मराठी लेखक येतील. तिघांची प्रतिभा सारखी आहे असा दावा नाही. तिघांविषयी विचारावयाचा प्रश्न मात्र एकच आहे.

चेन्नईचे लेखक म्हणजे द. जयकांतन. मराठी वाचकाला मद्रासच्या चित्रपटसृष्टीची ओळख बहुधा एकाच अंगाने असते : तेथील पटकथाकार आणि नटनटी मुख्यमंत्री झाल्या. अण्णादुराई, करुणानिधी, एम. जी. रामचंद्रन, जानकी रामचंद्रन, जयललिता ही नावे आपल्याला ठाऊक असतात. परंतु ज्या लेखकाने कागदावर आणि पडद्यावर या परंपरेशी उघड वैर धरले, त्याचे नाव आपल्या चर्चेत क्वचितच येते.

जयकांतन यांचा जन्म २४ एप्रिल १९३४ रोजी कडलूर येथे झाला. शालेय शिक्षण पाचव्या इयत्तेपर्यंत. पोरवयात ते मद्रासला आले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयात, कार्यकर्त्यांच्या सामुदायिक बिऱ्हाडात वाढले. पक्षाच्या छापखान्यात त्यांनी काम केले, पक्षाचे पत्र रस्त्यावर उभे राहून विकले. त्यांचे विद्यापीठ हेच. ‘सरस्वती’सारख्या वाङ्मयीन नियतकालिकातून आणि नंतर ‘आनंद विकटन’सारख्या प्रचंड खपाच्या साप्ताहिकातून त्यांच्या कथा येऊ लागल्या. मद्रासच्या वस्त्यांमधील माणसे, हातगाडीवाले, बांधकामावरच्या मजूरणी, भिकारी, वेश्या त्यांच्या कथांतून आपापल्या बोलीत बोलू लागली. १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९९६ साली अकादमीची फेलोशिप, २००२ सालचे ज्ञानपीठ आणि २००९ साली पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले. ८ एप्रिल २०१५ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याला जे सांगितले जाते, ते साधारणपणे येथे संपते.

सांगितले जात नाही ते असे. याच लेखकाने आपल्या ‘उन्नैप्पोल् ओरुवन्’ (तुझ्यासारखाच एक) या कादंबरीवर स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला. तो १९६५ साली प्रदर्शित झाला. १९६४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘चारुलता’ला सुवर्णपदक मिळाले, त्याच पुरस्कारांत या चित्रपटाला तिसऱ्या क्रमांकाच्या कथापटाचे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. पुढच्याच वर्षी जयकांतन यांनी स्वतःच्याच कथेवर ‘यारुक्काग अळुदान्’ (कोणासाठी रडला?) हा चित्रपट केला आणि विनोदी नट म्हणून ख्यातकीर्त असलेल्या नागेश यांच्याकडून चोरीचा आळ आलेल्या एका भोळ्या नोकराची गंभीर भूमिका करवून घेतली. आपल्या या उद्योगाला जयकांतन स्वतः उपव्याप समजत नव्हते. राजकीय अनुभवांवर त्यांनी एक पुस्तक लिहिले, तसेच कलाजगतातील अनुभवांवर दुसरे लिहिले. आणि दोन्हींच्या शीर्षकात स्वतःचा उल्लेख एका साहित्यिकाचा असाच केला. चित्रपटाच्या जगात वावरतानाही मी साहित्यिकच होतो, असा त्या शीर्षकाचा सरळ अर्थ आहे. लेखकाने एवढे स्पष्ट सांगूनही समीक्षा जर त्याचे दोन तुकडे करीत असेल, तर दोष लेखकाकडे जात नाही.

‘उन्नैप्पोल् ओरुवन्’ची गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे. झोपडवस्तीतील चिट्टी नावाचा पोर आणि बांधकामावर राबणारी त्याची आई तंगम. पोपटाकडून भविष्य सांगविणारा एक पुरुष तिच्या आयुष्यात येतो. मुलाला हे नाते सोसत नाही. आईची कूस पुन्हा उजवणार हे कळल्यावर तर त्याच्या संतापाला पारावार राहात नाही. बाळंतपणात आई मरते, आणि ज्या जिवाचा त्याने द्वेष केला ते तान्हे मूल अखेर तोच पोटाशी धरतो.

या कथेचा चित्रपट करणे म्हणजे मद्रासमध्ये १९६४–६५ साली काय करणे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. अण्णादुराईंच्या ‘वेलैक्कारी’पासून (१९४९) आणि करुणानिधींच्या ‘पराशक्ती’पासून (१९५२) तमिळ चित्रपटातील संवाद हे वक्तृत्वाचे क्षेत्र झाले होते. अनुप्रासांनी नटलेली, ग्रांथिक वळणाची, व्यासपीठावरून उच्चारावी अशी भाषा पडद्यावरील पात्रे बोलत. या भाषेने एक राजकीय चळवळ वाढवली आणि ती चळवळ १९६७ साली सत्तेवर आली. तिचे ऐतिहासिक महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या गरिबांच्या नावाने ती भाषा बोलत होती, त्या गरिबांची बोली मात्र तिच्यात नव्हती. जयकांतन यांनी नेमकी ती बोली पडद्यावर आणली. कथेत वस्तीची बोली छापणे हे एक धाडस होते. परंतु ते वाचणारा वर्ग मध्यमवर्गीय होता. चित्रपटगृहात तीच बोली उच्चारणे म्हणजे सत्तेच्या वाटेवर असलेल्या भाषेसमोर, तिच्याच मैदानात, दुसरी भाषा उभी करणे होते. भाषेविषयीची ही भूमिका निखळ वाङ्मयीन आहे. तिचा उच्चार पडद्यावर झाला म्हणून ती वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर जाते काय?

पुढे १९७२ मध्ये त्यांनी ‘सिनेमावुक्कुप् पोन सित्ताळु’ ही लघुकादंबरी लिहिली. नटभक्तीने झपाटलेली एक मजूर स्त्री हा तिचा विषय. ही कादंबरी म्हणजे एका साहित्यिकाने लोकप्रिय माध्यमाची केलेली टवाळी, असे वाचणे सोपे आहे. परंतु ज्या लेखकाने सात-आठ वर्षांपूर्वी स्वतःच एका मजूर स्त्रीला पडद्यावर आणले होते, तो हे लिहीत आहे, हे लक्षात घेतले की कादंबरीचा अर्थ पालटतो. पडद्यावरची तंगम आणि पडद्यासमोर बसलेली ही स्त्री एकमेकींकडे पाहू लागतात. चित्रपटाचा तिरस्कार करणारा साहित्यिक आणि चित्रपट कसा असू शकला असता हे जाणणारा कलावंत यांच्या उपहासात फार अंतर असते. पहिला चित्रपट वगळून ही कादंबरी शिकविणाऱ्या प्राध्यापकाला हे अंतर दाखविता येणार नाही.

याहूनही ठळक उदाहरण जयकांतन यांच्या सर्वांत प्रसिद्ध कृतीचे आहे. १९६६ मध्ये ‘आनंद विकटन’मध्ये त्यांची ‘अग्निप्रवेशम्’ ही कथा आली. पावसात अडकलेली एक महाविद्यालयीन मुलगी अनोळखी श्रीमंत तरुणाच्या मोटारीत बसते आणि भ्रष्ट होऊन घरी परतते. आई प्रथम हादरते. नंतर तिच्या डोक्यावर पाणी ओतून तू आता शुद्ध झालीस असे सांगते आणि ते रहस्य मायलेकींतच राखते. या शेवटावर तमिळनाडूत वादळ उठले. वादळाला जयकांतन यांनी निबंध लिहून उत्तर दिले नाही, कादंबरी लिहून दिले. ‘सिल नेरंगळिल् सिल मनितर्गळ्’ (काही वेळा काही माणसे) या कादंबरीत ती आई तेवढी शहाणी निघत नाही, बोभाटा होतो, भाऊ बहिणीला घराबाहेर काढतो आणि गंगेचे पुढचे सारे आयुष्य त्या एका संध्याकाळीच्या सावलीत जाते. मूळ कथा लिहिणारा एक लेखकही या कादंबरीत पात्र म्हणून वावरतो. म्हणजे कथा, तिच्यावरचा वाद आणि त्या वादाची समीक्षा हे तिन्ही कादंबरीच्या पोटात आले. तिसरी पायरी १९७७ साली आली : ए. भीमसिंग दिग्दर्शित चित्रपट, पटकथा जयकांतन यांची. गंगेच्या भूमिकेसाठी लक्ष्मी यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘पासमलर’सारखे अश्रुपूर्ण कौटुंबिक चित्रपट करण्यात हयात घालविलेल्या दिग्दर्शकाने असा संयत, बोलण्यापेक्षा गप्प राहणारा चित्रपट करावा, यामागे संहितेचा वाटा किती, हा अभ्यासाचा विषय आहे. १९७८ मध्ये याच दोघांनी ‘ओरु नडिगै नाडगम् पार्किराळ्’ हा चित्रपट दिला. तेव्हा पहिला प्रयोग अपघात नव्हता, हे उघड आहे.

एका लेखकाने एकाच प्रश्नाला अकरा-बारा वर्षांत तीनदा हात घातला : कथेत, कादंबरीत, पटकथेत. पुरस्कार मधल्या कृतीला मिळाला आणि ते योग्यच झाले. पुरस्कार ग्रंथाला असतो. परंतु समीक्षेला पुरस्काराचे नियम लागू नाहीत. ती मात्र पहिल्या दोन पायऱ्यांवर थबकते आणि तिसरी पायरी चित्रपट-परीक्षणाच्या स्तंभाकडे सोपवून मोकळी होते. मग गंगा या व्यक्तिरेखेचा विकास आपण समजावून घेतला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता इटलीकडे वळू. पिएर पाओलो पासोलिनी (१९२२–१९७५) यांचे आयुष्य जयकांतन यांच्यापेक्षा कितीतरी अधिक वादळी. बोलोन्या येथे जन्म, फ्रिउली प्रांताच्या बोलीतील कवितासंग्रहाने १९४२ मध्ये पदार्पण, १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षातून हकालपट्टी, नंतर आईसह रोमला स्थलांतर. शहराच्या कडेच्या बकाल वस्त्यांतील पोरांवर त्यांनी ‘रागात्सी दी वीता’ (१९५५) आणि ‘ऊना वीता व्हिओलेन्ता’ (१९५९) या कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीवर अश्लीलतेचा खटला झाला. त्या वस्त्यांच्या बोलीचा जाणकार म्हणून फेल्लिनींनी आपल्या एका चित्रपटाच्या संवादांसाठी त्यांना बोलावले, आणि १९६१ मध्ये पासोलिनींनी ‘आक्कात्तोने’ हा स्वतःचा पहिला चित्रपट केला. त्यातील माणसे, बोली, धूळ आणि मरण ही सारी कादंबऱ्यांतून सरळ चालत आलेली होती. त्याच वर्षी ते कादंबरीकार मोराव्हिया यांच्यासह भारतात हिंडून गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी छोटे पुस्तक लिहिले. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये ओस्तिया येथे त्यांची हत्या झाली.

मद्रास आणि रोम यांतील साम्य मी ताणू इच्छित नाही. दोघेही कम्युनिस्ट पक्षाच्या छायेत वाढले आणि पक्षाला जड गेले, दोघांनीही शहराच्या कडेची बोली साहित्यात आणली, दोघेही एकाच दशकात कॅमेऱ्याकडे गेले, एवढे साम्य उघड आहे. भेद अधिक उद्बोधक आहे. ‘आक्कात्तोने’चा नायक मरणाकडे धावतो आणि मरणातच त्याला विसावा मिळतो. चिट्टी मरणातून वाचलेले मूल उचलून घेतो. एकाची करुणा मुक्ती मृत्यूत शोधते, दुसऱ्याची संगोपनात. दोन संस्कृतींतील मानवतावादाचा हा फरक तौलनिक साहित्याभ्यासाला केवढे तरी खाद्य पुरवील. अट एवढीच की चित्रपटांना साहित्याभ्यासाच्या दारात उभे राहू दिले पाहिजे.

इटलीत ते राहू दिले गेले. पासोलिनींच्या समग्र वाङ्मयाची जी प्रतिष्ठित आवृत्ती मोंदादोरी प्रकाशनाने काढली, तिच्या दहा खंडांपैकी दोन खंड चित्रपटविषयक लेखनाला वाहिलेले आहेत. पटकथा ही एका रचनेतून दुसऱ्या रचनेकडे जाऊ पाहणारी रचना आहे, असा विचार पासोलिनींनी १९६५ च्या सुमारास मांडला होता. पटकथा अपुरी असते हा आक्षेप यातून निकालात निघतो, कारण ते अपुरेपणच तिचे स्वरूप ठरते. आपल्याकडे मल्याळम भाषेने हे आपल्या परीने ओळखले. एम. टी. वासुदेवन नायर यांच्या पटकथा पुस्तकरूपाने निघतात आणि कादंबऱ्यांसारख्या वाचल्या जातात. १९७३ चा ‘निर्माल्यम्’ दिग्दर्शित करणारे एम.टी. आणि १९९५ चे ज्ञानपीठ स्वीकारणारे एम.टी. हे केरळच्या वाचकाला दोन गृहस्थ वाटत नाहीत.

मराठीत काय घडले? विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या एकाच कादंबरीवर मराठी समीक्षेने जितके लिहिले तितके थोड्या कादंबऱ्यांवर लिहिले असेल. युरोपातून परतणाऱ्या आगबोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी यांच्यात प्रेम उमलते, आणि राष्ट्रांच्या द्वेषाखाली ते चिरडले जाते. पण बेडेकर विलायतेला गेले होते ते चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी, आणि परतल्यावर त्यांचे पुढचे दमदार लेखन म्हणजे प्रभातच्या ‘शेजारी’ची (१९४१) पटकथा होय. तेथे दोन जिवलग वृद्ध आहेत, एक हिंदू, एक मुसलमान. आणि धरण बांधू पाहणाऱ्यांच्या स्वार्थाने पेरलेला संशय त्यांची मैत्री पोखरतो. आगबोटीऐवजी गाव आले, तरुणांऐवजी म्हातारे आले, परंतु लेखकाचा प्रश्न तोच राहिला : समूहाचा द्वेष दोन माणसांच्या मध्ये कसा शिरतो? दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कृती एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तर ‘रणांगण’ ही परदेशी वातावरणातील एक अपवादात्मक प्रेमकथा राहात नाही. ती एका सलग चिंतनाचा पूर्वार्ध ठरते. मराठी समीक्षेने पूर्वार्धाचे गुणगान केले आणि उत्तरार्ध व्ही. शांताराम यांच्या खात्यावर टाकला. १९८५ साली अकादमीने गौरविलेल्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रात नाटक-चित्रपटांचे जग किती जागा व्यापते हे पाहिले, म्हणजे या विभागणीतील विसंगती कोणालाही जाणवावी.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला असा की चित्रपट ही सामुदायिक कला आहे, तेथे एकाचे कर्तृत्व कसे ठरवावे? हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षक बालगंधर्वांच्या गळ्यासाठी आणि गोविंदराव टेंब्यांच्या चालींसाठी गर्दी करीत होते. म्हणून खाडिलकरांना वाङ्मयेतिहासातून कोणी वगळले नाही. नाट्यसंहितेला जो न्याय, तो पटकथेला का नसावा? कर्तृत्वाची वाटणी ठरविणे कठीण आहे, हे मान्य. पण कठीण प्रश्न सोडविण्यासाठीच संशोधन असते.

दुसरा आक्षेप बाजाराचा. चित्रपट हा धंदा आहे, तेथे लेखक तडजोड करतो. करतो, यात शंका नाही. परंतु हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपुढे आली, आणि जयकांतन यांची कीर्ती ज्या साप्ताहिकांनी वाढविली तीही धर्मादाय संस्था नव्हती. बाजाराशी संबंध आला की साहित्य संपते असे म्हणावयाचे तर आधुनिक भारतीय कादंबरीचा इतिहासच गुंडाळावा लागेल. लेखकाने बाजाराशी झगडा कसा केला, कोठे तो जिंकला, कोठे हरला, हा प्रश्न चित्रपटाच्या संदर्भात उलट अधिक ठसठशीतपणे दिसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : हे चित्रपट नेहमीच चांगले नसतात. बेडेकरांनी १९६३ मध्ये ‘रुस्तम सोहराब’ आणि १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हे हिंदी चित्रपट दिग्दर्शित केले; ‘रणांगण’च्या पंक्तीला त्यांना कोणी बसविणार नाही, मीही बसवीत नाही. परंतु समीक्षा ही केवळ मानपत्रे लिहिण्याची कला नव्हे. हरिभाऊंच्या किंवा खांडेकरांच्या दुय्यम कादंबऱ्या आपण वाचतोच, कारण लेखकाच्या मर्यादांची सीमारेषा तेथेच उमटते. ‘रणांगण’ लिहिणारा माणूस दुसरी तशी कादंबरी का लिहू शकला नाही, हा प्रश्न मराठीत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना त्या माणसाने तीन दशकांहून अधिक काळ काय केले, हे पाहावयाचेच नाही, हा कोणता न्याय?

या साऱ्याच्या मुळाशी संस्थांची रचनाही आहे. स्वातंत्र्यानंतर साहित्य, संगीत-नाटक आणि ललितकला यांच्यासाठी स्वतंत्र अकादमी स्थापन झाल्या. चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार माहिती व नभोवाणी खात्याकडे गेले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. कामाच्या सोयीसाठी अशी वाटणी लागते. परंतु कपाटांच्या सोयीसाठी केलेली वाटणी आपण माणसाच्या मनाची वाटणी मानू लागलो. ग्रंथालयात जयकांतन यांची कादंबरी एका फडताळावर असते आणि तिचा चित्रपट दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या संस्थेत. विद्यार्थ्याला पहिली वस्तू सहज मिळते, दुसरी दुर्लभ असते, आणि जी दुर्लभ ती गौण असे तो हळूहळू धरून चालतो. आमच्या पिढीच्या प्राध्यापकांनी ही समजूत दूर केली नाही. बहुतेकांनी ती पक्की केली.

म्हणून काही गोष्टी मागितल्या पाहिजेत, आणि त्या अवाजवी नाहीत. कादंबरीकाराची सूची करताना त्याच्या पटकथा आणि दिग्दर्शित चित्रपट यांची नोंद चरित्रात न करता ग्रंथसूचीच्या बरोबरीने, वर्षासह व्हावी. समग्र वाङ्मयाच्या आवृत्त्यांत उपलब्ध पटकथांना खंड मिळावा. भारतीय भाषांतून कादंबरीचा अनुवाद करविताना, तिची पटकथा लेखकाची स्वतःची असेल तर तीही अनुवादित व्हावी. ग्रंथालयांनी चित्रपटाची प्रत ही करमणुकीची खरेदी न समजता संदर्भसाधन समजावे. विद्यापीठांनी ‘अग्निप्रवेशम्’, ‘सिल नेरंगळिल् सिल मनितर्गळ्’ आणि १९७७ चा चित्रपट, तसेच ‘रणांगण’ आणि ‘शेजारी’, असे गट अभ्यासक्रमास लावून पाहावेत. वर्षभरात विद्यार्थ्यांचे प्रश्न बदललेले दिसतील.

यातले काहीच झाले नाही तरी जयकांतन किंवा बेडेकर यांचे काही बिघडणार नाही. त्यांचे काम त्यांनी केले आहे. बिघडणार आहे ते समीक्षेचे. गेल्या शतकातील भारतीय लेखकाला पुस्तकापलीकडचा, अक्षर न ओळखणारा श्रोता पहिल्यांदा गाठता आला तो पडद्यामुळे. चिट्टीची गोष्ट चिट्टीच्या वस्तीतील माणसांपर्यंत पोचावी, ही आकांक्षा साहित्याचीच होती. ती कितपत सफळ झाली हे तपासण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणी करावे अशी वाट पाहात बसण्याचा अधिकार त्याला नाही.